गावातील युद्धस्मारकाची दुरुस्ती आणि सैनिकाचा नवा पुतळा : जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

नागपूर जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोर एक जुने युद्धस्मारक आहे. त्याच्या दगडी चौथऱ्यात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी बसवलेली असून, त्या काळच्या अशा पाट्यांवर असते तसे तिच्यावर गावातून किती माणसे लढायला गेली आणि किती कामी आली एवढेच कोरलेले आहे, नावे नाहीत. 1965 आणि 1971 च्या युद्धांत हुतात्मा झालेल्या जवानांची नावे पुढे वेगळ्या फलकावर आली आणि त्याच सुमारास चौथऱ्यावर सिमेंटचा सैनिक उभा राहिला. आतील सळया गंजून फुगल्यामुळे तो पुतळा आता उभा चिरला आहे आणि त्याचा एक हात गळून पडला आहे. ग्रामसभेने नवा पुतळा बसवण्याचे ठरवले असून लोकवर्गणी जमा होत आहे, आणि 16 डिसेंबरला, विजय दिवशी, अनावरण व्हावे अशी सर्वांची इच्छा आहे.

माझी पहिली चिंता पुतळ्याची नसून पायाची आहे. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चौथरा एका बाजूला कलला आहे. मुरूम लागेपर्यंत खोदून नवा पाया घ्यावा असे मला वाटते. परंतु चौथरा न उकलता हे करता येते का? दगडांचे सांधे चुन्याचे आहेत. त्यांत सिमेंट भरल्यास ओल आत कोंडून दगडाचे पापुद्रे सुटतात, म्हणून चुन्याचे काम जाणणारा गवंडी नागपूर परिसरात असल्यास अवश्य कळवावे.

पुतळ्यासाठी फायबर आणि ब्राँझ असे दोन पर्याय समोर आहेत. फायबर हलके आणि स्वस्त असले तरी इथल्या मे महिन्याच्या उन्हात त्याचा वरचा थर किती वर्षे टिकेल, याची मला शंका वाटते. नागपूरच्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, मातीकामाचे कसबी हात आहेत, त्यामुळे मातीचा नमुना इथेच घडवून घ्यावा असा विचार आहे. ओतकामासाठी विश्वासार्ह भट्टी कोणती, हे मात्र कोणीतरी अनुभवावरून सांगावे.

सर्वांत अधिक चर्चा गणवेशावर अडली आहे. एका कार्यशाळेने दाखवलेल्या तयार साच्यातील सैनिकाच्या हातात इन्सास रायफल आहे, आणि ती तर 1990 च्या दशकात सैन्यात आली. ज्यांची नावे फलकावर आहेत त्यांच्यापैकी कोणीही ती हाती घेतलेली नाही. 1971 चा जवान दाखवायचा तर पोलादी शिरस्त्राण आणि 7.62 मिलिमीटरची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) हवी. महायुद्धाचा शिपाई दाखवायचा तर फेटा, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि .303 रायफल. तीन युद्धांसाठी पुतळा एकच असल्यामुळे निर्णय कठीण आहे. शस्त्र उलटे टेकवून मान झुकवलेला, 1971 च्या गणवेशातील जवान असावा, असे माझे मत आहे, कारण त्या पिढीच्या वीरपत्नी आणि भावंडे आजही गावात आहेत आणि त्यांना त्यात आपला माणूस ओळखू यावा. रेजिमेंटचे चिन्ह, पट्टे आणि बुटांचे बारकावे कोणी माजी सैनिक तपासून देतील का?

काही तरुणांना जुनी पाटी काढून तिथे काळा ग्रॅनाइट बसवायचा आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे, कारण त्या माणसांची गावात दुसरी कुठलीही खूण उरलेली नाही. पाटीवर आम्लयुक्त द्रव वापरू नये, ते संगमरवर खाते, एवढे मी सर्वांना सांगितले आहे. परंतु अक्षरांवर चढलेला जुना तैलरंग दगड न दुखावता कसा काढावा? पाटीवर नसलेल्या नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदी पाहत आहे. त्यांत अनेक ठिकाणी सैनिकाच्या वडिलांचे आणि गावाचे नाव मिळते, पण गावाचे इंग्रजी स्पेलिंग नोंदीगणिक बदलते आणि जे जिवंत परतले ते त्यांत नाहीतच. परतलेल्यांची नावे कोणत्या दप्तरात शोधावीत?

शेवटचा प्रश्न परवानगीचा आहे. सार्वजनिक जागी पुतळा उभारताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. हेच नियम अनाम सैनिकाच्या पुतळ्याला आणि जुन्या पुतळ्याच्या जागी बसणाऱ्या नव्या पुतळ्यालाही तसेच लागू होतात का? ज्यांनी आपल्या गावात असे काम केले आहे त्यांनी अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडली हे कळवल्यास, नमुना घडवण्याआधीच आम्हाला प्रस्ताव पाठवता येईल.