पापलेटची लांबी मोजून कोळ्याचं पोट भरतं का?

खाडीकाठचा

रविवारी बाजारात गेलो होतो. मावशीच्या पाटीच्या कडेला स्टीलच्या थाळीत पापलेटची पिलं, माझ्या तळहातावर दोन सहज मावतील एवढी, वाटा दोनशेला. म्हटलं मावशी, ही धरायला बंदी आहे ना आता? तर म्हणाली, "मला कशाला सांगतोस, धक्क्यावर जाऊन सांग, मी लिलावात पैसे मोजून घेतलीत." तेवढ्यात शेजारच्या काकांनी वाटा उचललासुद्धा.

२०२३ मध्ये सरकारनं पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, असं. हे आकडे सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मासे संशोधन संस्थेच्या लोकांनी वर्षानुवर्षं बंदरावर मासे मोजून काढलेत, कुणी केबिनमध्ये बसून ठरवले नाहीत. संशोधन झालं, कायदा झाला, आणि थाळी जिथल्या तिथे. माझं म्हणणं, शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलंय. आता कोळी, व्यापारी आणि आपण खाणारे, तिघांनी लाजायला हवं. पिलू आज दहा-वीस रुपयांत जातं, वाढू दिलं तर तोच मासा किलोच्या भावात कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डोलवाला

काकांना लाजवा, माझ्या बाबांना नको. आमची डोल आहे, तिसरी पिढी. डोल म्हणजे काय ते आधी समजून घ्या. जाळं समुद्रात बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीच्या पाण्यात तोंड उघडून उभं, पाणी जे आणेल ते आत. होडी माशाच्या मागे धावत नाही. चार-पाच तासांनी खोला, म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, वर घेतला, गाठ सोडली की फळीवर बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, आणि त्यात चमचमणारी पापलेटची पंधरा-वीस पिलं. मेलेली. आता ती परत दर्यात टाकून कुणाचं भलं होणार सांगा, बगळ्यांचं? बाबा त्यातलं एखादं बोटानं बाजूला करतात आणि काही बोलत नाहीत, त्यांनापण कळतं हो, त्यांनी हातभर पापलेटं बघितलीत.

आणि संशोधन संशोधन म्हणता, ते आमच्यापर्यंत येतं ते फक्त "हे करू नका" म्हणून. दुसऱ्या बाजूला हैदराबादहून इन्कॉइसवाले, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा बघून सांगतात की अमुक दिशेला इतक्या किलोमीटरवर मासा मिळेल. छान आहे. पण बांधलेली डोल काय उचलून तिकडे नेऊ? तो मेसेज कामाला येतो मोठ्या इंजिनवाल्याच्या. म्हणजे मासा कुठेय ते त्याला सांगायचं आणि मासा धरू नको ते मला.

खाडीकाठचा

इन्कॉइसचं पटलं, हा विचार मी केला नव्हता. पण मेलीच आहेत म्हणून विकायची असं म्हटलं तर मग नियम कुणालाच नाही, ट्रॉलरवाला पण हेच म्हणेल.

बंदरावरची_वही

मी दोन वर्षं एका प्रोजेक्टवर हेच काम केलंय म्हणून लिहितेय. पहाटे पाचला धक्क्यावर, हातात लाकडी मोजपट्टी आणि भिजलेली वही. सगळ्या बोटी कुणी मोजत नाही. महिन्यातले ठरलेले दिवस, त्यातल्या काही बोटी, त्यावरून पूर्ण बंदराचा अंदाज काढतात. शिवाय काही मासे विकत घ्यायचे, पोट फाडून बघायचं की अंडाशय कितपत भरलंय. हजारो माशांचं असं केल्यावर कळतं की कुठल्या लांबीला अर्ध्या माद्या अंडी घालण्याजोग्या होतात. (माझ्या हातांचा वास आठवडाभर जात नसे, घरात बोंबील करायचे बंद झाले होते.)

इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट सांगते. पापलेटचे १३५ मिलिमीटर ही अंडी घालायची लांबी नाहीच, त्याच्या बरीच खालची आहे. एवढा मासा अजून बाळच असतो. म्हणजे नियम आधीच कोळ्याच्या बाजूनं झुकवलेला आहे. त्यामुळे "शास्त्रज्ञांना आमची परिस्थिती कळत नाही" हे पूर्ण खरं नाही. आणि डोलवाला, २०१६ ला पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, जे निर्बंध आले ते सरकारनं नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालावरूनच आले ना? तेव्हा तेच संशोधन छोट्या मच्छीमारांच्या बाजूनं उभं होतं.

डोलवाला

अहवाल बाजूनं होता, मान्य. आता रात्री समुद्राकडे बघा, मासे गोळा करायला लावलेल्या एलईडी दिव्यांचं लग्न लागलंय असा उजेड असतो. त्यालाही बंदी आहे बरं का. पट्टी फक्त पाटीतल्या माशाला लागते, उजेडाला लागत नाही.

रत्नांग्रीचा_बापू

सगळं खापर जाळ्यावर फोडणं बंद करा. केरळची तारली (सार्डिन) बघा. २०१२ ला एकट्या केरळात ३.९ लाख टन तारली उतरली होती, २०२१ ला फक्त ३,२९७ टन. आणि केरळनं किमान लांबीचा नियम आपल्या कितीतरी आधी आणलाय. मग नियम असून तारली गेली कुठे? पाणी तापलं, एल निनो झाला, हे त्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं. नंतर तारली परत आली पण, ती काय पट्टी बघून आली? समुद्र मोठा आहे, माणूस मोजून मोजून किती मोजणार.

खाडीकाठचा

बापू, पाणी तापलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मोजणाऱ्यांनीच ना? आकडे तुमच्या सोयीचे असले की शास्त्र, नसले की समुद्र मोठा.

रत्नांग्रीचा_बापू

😄 बरं, तेवढं मान्य. पण मुद्दा सोडत नाही. पाणी तापून मासा आधीच अडचणीत असेल तर पिलं वाचवणं जास्त गरजेचं, हे मीच म्हणेन, पण मग बंदीचे दिवस आधी बघा. आता १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला सगळे तुटून पडतात. आमची आजी सांगायची, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटायची नाही म्हणजे नाही, कुणी लोटली तर गाव त्याच्याशी बोलत नसे. तो मोजपट्टी नसलेला नियम होता आणि पाळला जायचा. बंदी तशी पुढे नेली आणि दोन आठवडे पिलं जास्त वाढली तर पट्टीची गरजच कमी पडेल.

बंदरावरची_वही

बापू, हे नुसतं आजीचं म्हणून नको, तपासून बघता येईल. ऑगस्टच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच बंदरावर पिलांची लांबी मोजायची. महाग काम नाही. कठीण हे की तेव्हा कुणी मोजू देत नाही. वही दिसली की मासे पाटीखाली जातात, कारण वही म्हणजे दंड असं डोक्यात बसलंय. मला एकदा एका काकूंनी चहा दिला आणि पाटीवर पदर टाकला, दोन्ही एकदमच.

कासवप्रेमी_अलिबाग

मध्ये बोलतो. कासव जाळ्यात अडकलं तर जाळं कापून सोडायचं, आणि जाळ्याची भरपाई २५ हजारांपर्यंत सरकार देतं, २०१८ च्या डिसेंबरपासून आहे ही योजना. तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, स्वतः व्हिडिओ काढून पाठवतात आता. पिलांसाठी असं का नाही? नुकसान सरकारनं उचललं तर कोण कशाला पिलं विकेल?

डोलवाला

कासव एक असतं दादा, त्याचा फोटो निघतो. खोल्यातनं गळून गेलेल्या जवळ्याचा फोटो कसा काढू?

हीच तर खरी गोष्ट आहे. ट्रॉलरला ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं भोक) खोला सांगितलाय. उद्या डोलीला पण आस मोठा करा म्हणतील. पापलेटचं पिलू निसटेल, मान्य, पण त्याच आसातनं जवळा आणि करंदी पण जाणार, आणि घर चालतं ते त्यावर, पापलेटवर नाही. जवळा सुकवून पावसाळ्यातले दोन महिने निघतात, डिझेलचा परतावा कधी येईल त्याचा भरोसा नाही. आई अंगणात जवळा पसरते तेव्हा त्यातनं पिलं हातानं वेचून वेगळी काढते, म्हणजे मोजणी आमच्या घरी रोज होते. कुणी कधी तिला विचारलं नाही.

बंदरावरची_वही

थांब, ती वेचून काढते? रोज? कुठे लिहून ठेवते का?

डोलवाला

कॅलेंडरवर. वाटे लिहिते, किती विकले ते. दूधवाल्याच्या हिशोबाखाली.

बंदरावरची_वही

किती वर्षांची कॅलेंडरं आहेत घरात?

डोलवाला

ट्रंकेत आहेत जुनी पण. पण एक सांगतो, ती घेऊन उद्या आमच्यावरच दंडाची पावती आली तर?

खाडीकाठचा

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नसता. सकाळचं ते लाजायचं वाक्य मागे घेतो, निदान एक तृतीयांश.

डोलवाला

दोन तृतीयांश घे. पौर्णिमेच्या ओढीला होडीवर ये, रात्री दोनला निघतो. पट्टी आण. लिंबू पण आण, तुला लागणार.