मदत हवी आहे: टोकियोतले छोटे जॅझ बार

मंडळी, नोव्हेंबरात आईला घेऊन भावाकडे निशी-कासाईला जातोय. तिथून तोझाई मेट्रो लाईनच्या काही गाड्या थेट किचिजोजीला जातात, म्हणून तिथल्या तळघरातल्या 'समटाइम' या जॅझ बारवर डोळा आहे. पियानो मधोमध, भोवती खुर्च्या! वादकाची बोटं दिसतील अशी जागा हवी तर आधी फोन करावा लागतो का? शिंजुकूचा जॅझ क्लब 'पिट इन' १९६५ पासूनचा, नाव मोठं. पण मला दहा-वीस माणसांत भरणारा बार हवाय. म्युझिक चार्ज (वादन ऐकण्याचे वेगळे पैसे) आणि पेय धरून दोघांचे साधारण किती येन?

आईला धूर सोसत नाही. २०२० च्या धूम्रपानबंदीच्या कायद्यातून काही जुन्या छोट्या बारना सूट आहे, तेव्हा सिगारेट चालत नाही असे कुठले? ती दारू पीत नाही, मासेही खात नाही. नुसत्या ज्यूसवर बसू देतात ना? आणि शेवटच्या गाडीआधी निघायचंय, टॅक्सी परवडणार नाही.