तास मोजू नका, दिवस पाहा
‘सहाच तास झोप होते म्हणजे निद्रानाशच’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. सहा तास झोपून दिवसभर तरतरीत असणारे कितीतरी आहेत. झोपायला पुरेसा वेळ असूनही झोप न लागणं, मध्येच मोडणं किंवा पहाटे फार लवकर जाग येणं, हे आठवड्यातून किमान 3 रात्री, 3 महिने चाललं आणि दिवसावर परिणाम दिसू लागला, तर तो जुनाट निद्रानाश. दिवसाच्या खुणा बारीक असतात: एकच ओळ तीनदा वाचावी लागते, गॅसवर ठेवलेलं दूध विसरतं, मुलांवर उगाच ओरडणं होतं.

एक फरक सहसा कुणी सांगत नाही. निद्रानाशात अंग थकलेलं असतं, पण दुपारी आडवं झालं तरी डोळा लागत नाही. उलट बसल्या बसल्या, बसमध्ये, सिग्नलला डुलकी लागत असेल आणि रात्री घोरणं मोठं असेल, तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता जास्त. तिथे झोपेची गोळी मनाने घेणं धोक्याचं आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी 2 आठवडे रोज सकाळी अंदाजाने लिहून ठेवा: अंथरुणात किती वाजता, झोप कधी लागली, जाग कितीदा, शेवटचा चहा कधी. रात्री मात्र घड्याळ पाहू नका, त्यानेच झोप आणखी उडते.