निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उघडू नका

सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर, मग दिवसभर काही नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय इंजिनचं काम काढा. दादा, जरा थांबा.

माझ्या सेकंडहँड पेट्रोल गाडीचं हेच होतं. आंबा घाट गिअरवर उतरायचा आणि खाली साखरप्याजवळ ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा भपका! असं असेल तर आधी संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरावर. रबर कडक झालं की रात्रभर ऑइल थेंबथेंब आत उतरतं आणि स्टार्टला जळून निळा धूर होतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर चढाला, जोर लावताना धूर येतच राहतो.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजून घ्या. आकडा कमी आला तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. वाढला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग). त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला गॅस परत इनटेककडे सोडणारा) बघा, स्वस्तातलं काम. तो चोंदला तरी इंजिन आत ऑइल ओढून जाळतं. माझे सील हेड न उतरवता बदलले, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून.

पांढरा धूर वेगळा. आपल्या दमट हवेत सकाळची वाफ दिसणारच, गरम झाल्यावर जाते. जात नसेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

आणि हो, गाडी चिपळूणकडची असेल तर जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती का, विचारलंत? डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, स्टार्टरच मारू नका.