परवानगी असली तरी दुसरी बाजू कुठे आहे?

अमेरिकेत पाळतीसाठी न्यायाधीशांची परवानगी लागते, त्यामुळे नागरिकांचा खासगीपणा सुरक्षित आहे, हा मुद्दा मला अपुरा वाटतो. परकीय हेरगिरीच्या प्रकरणांत अशी परवानगी देणारे एक गुप्त न्यायालय १९७८ च्या कायद्याने स्थापन झाले. त्यात अकरा न्यायाधीश असतात, त्यांची नेमणूक एकटे सरन्यायाधीश करतात, आणि सुनावणीत बहुतेक वेळा केवळ सरकारचीच बाजू मांडली जाते. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याला अर्थातच काही कळत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेचे कंत्राटी कर्मचारी राहिलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या, या न्यायालयाच्या आदेशावरून दिसले. व्हेरायझन या दूरसंचार समूहातील एका कंपनीने आपल्या ग्राहकांच्या सर्व दूरध्वनींच्या नोंदी (संभाषण नव्हे, पण कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला हे सारे) रोजच्या रोज सरकारला द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. गुप्त न्यायालयाने वारंवार मान्य केलेली हीच योजना मे २०१५ मध्ये, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकल्यावर, न्यूयॉर्कमधील संघीय अपील न्यायालयाने कायद्याच्या चौकटीबाहेरची ठरवली. त्यानंतरच्या सुधारणेने महत्त्वाच्या प्रकरणांत त्रयस्थ विधिज्ञांचे मत घेण्याची सोय केली. परंतु त्यांना बोलवायचे की नाही, हे अजूनही न्यायालयच ठरवते.