बाळहिरडा घ्यावा की सुरवारी?

प्रश्न: काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मागितला तर दोन प्रकार दाखवले. एक काळा, बारीक, सुरकुतलेला. दुसरा मोठा, पिवळसर, उभ्या धारांचा. आईला जेवल्यावर पोट जड होतं, सकाळी साफ होत नाही. कोणता घेऊ?

प्रतिसाद: काळा तो बाळहिरडा. फळात आठी, म्हणजे कठीण बी, धरण्याआधीच काढून वाळवतात. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात अंगणभर हाच पसरलेला असतो, कितीतरी आदिवासी घरांचा वर्षाचा आधार आहे तो. माझी आजी लोखंडी तव्यावर थोड्या एरंडेलात मंद आचेवर परतायची. टम्म फुगला, की लगेच उतरवायचा. करपला तर कडू राख होते. गार झाल्यावर कुटून, सैंधव घालून रात्री कोमट पाण्याबरोबर पाव चमचा. तुमच्या आईंसाठी मी हाच घेईन. दुसरा, पिवळसर, तो सुरवारी, म्हणजे पिकलेलं फळ, ते त्रिफळ्यात जातं.

प्रतिसाद: हिरडा कसा करून घेता त्यावर गुण बदलतो, हे विसरू नका. चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, उकडलेला उलट मळ बांधतो. ऋतूप्रमाणे जोडही वेगळी: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. गरोदर बाईला मात्र देऊ नये, फार अशक्त माणसालाही नाही. आईंचं वय काय? रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी वैद्यांना विचारा.