एसी दर चार-पाच मिनिटांनी बंद पडतोय, दोन मेकॅनिक झाले, कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

पूनम_जळगाव
नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमचा दीड टनाचा स्प्लिट आहे, साधाच, इन्व्हर्टर नाही, २०१८ ला घेतलेला. खोली १० बाय १२ ची, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. गेले पंधरा दिवस दुपारी लावला की चार-पाच मिनिटं गार हवा येते, मग बाहेरून टक् असा आवाज येतो आणि आतलं युनिट नुसतं पंख्यासारखं वारं फेकत बसतं, सात-आठ मिनिटांनी परत सुरू, परत टक्. रिमोटवर २४ ठेवलंय आणि टेबलावरचं घड्याळ ३२ दाखवतंय, म्हणजे खोली गार झाली म्हणून बंद होतोय असं नक्कीच नाही. रात्री अकरानंतर मात्र बऱ्यापैकी चालतो.
पहिला मेकॅनिक आला, पाईपला हात लावून म्हणाला गॅस कमी आहे, २२०० घेऊन गॅस भरून गेला. दोन दिवस छान चालला, नंतर परत तेच, आणि आता तर आधीपेक्षा लवकर बंद होतो. दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाका नाहीतर एसीच बदला. सासूबाईंना दमा आहे, बाहेर ४४ तापमान, त्या खोलीत दुपारी बसवत नाही. पंधरा-वीस हजार घालायच्या आधी आणखी काय बघता येईल? फिल्टर मी दर पंधरवड्याला धुते.

डोंबिवली_पश्चिम
ताई, आमच्याकडे पण सारखा चालू-बंद व्हायचा पण कारण वेगळं निघालं. आतल्या कॉइलसमोर मण्यासारखा एक सेन्सर असतो, खोलीतल्या हवेचं तापमान तो मोजतो. सर्व्हिसिंगच्या वेळी क्लिपमधून निसटून तो थेट गार कॉइलला टेकला होता, त्यामुळे एसीला वाटायचं खोली १८ झाली आणि तो बंद. परत क्लिपमध्ये बसवला, खर्च शून्य. एकदा झाकण उघडून बघून घ्या, आधी मेन स्विच बंद करा. दुसरं म्हणजे लहान खोलीला मोठा एसी घेतला तरी असं होतं. माझ्या भावाने ९० स्क्वेअर फुटाला दीड टन लावलाय, पावसाळ्यात पाच मिनिटांत गार करून बंद पडतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो, अंथरूण चिकट लागतं. पण तुमची खोली मुळात गारच होत नाहीये, त्यामुळे हे दुसरं तुम्हाला लागू नसावं.

नाशिक_रेफ्रिजरेशन
मी २२ वर्षं हेच काम करतोय. ताई, एक गोष्ट बघून सांगा. टक् झाल्यावर गच्चीवर जाऊन बघा, आउटडोअरचा पंखा फिरत असतो का? पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकदम थांबत असतील तर आतूनच बंद करायचा हुकूम येतोय, मग सेन्सर किंवा पीसीबी, म्हणजे आतलं कंट्रोलचं कार्ड. आणि पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर गप्प आहे असं असेल तर कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड तुटतोय. ओव्हरलोड म्हणजे डोक्यावर बसवलेलं छोटं संरक्षण, कॉम्प्रेसर जास्त तापला किंवा करंट जास्त ओढला की ते सप्लाय तोडतं, थंड झालं की परत जोडतं. परत सुरू होताना घूंsss असा आवाज येऊन लगेच टक् होतं का, तेही कान देऊन ऐका.

पूनम_जळगाव
मुलाला वर पाठवलं होतं. पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर बंद. आणि हो, दोनदा सुरू होताना घूं झालं, चार-पाच सेकंदांत टक्, तिसऱ्यांदा सुरू झाला. मुलगा म्हणतोय मागच्या जाळीला पांढरं कापसासारखं चिकटलंय, दोन गल्ल्या सोडून जिनिंग आहे, तिथली रुई उडून येत असणार.

नाशिक_रेफ्रिजरेशन
मग बरंचसं कळलं. बघा, कॉम्प्रेसर खोलीतली उष्णता गोळा करून मागच्या कॉइलमधून बाहेर टाकतो. त्या कॉइलवर रुईची गादी बसली तर हवा खेळणार कुठून? गॅस थंड होत नाही, प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की करंट वाढतो आणि ओव्हरलोड तुटतो. रात्री बाहेरचं तापमान उतरतं म्हणून तेवढा तरतो. त्यात वरून गॅस भरला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो, बंद नळीत फिरत असतो, कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता, प्रेशर मोजायचा गेज आणि करंट मोजायचा क्लॅम्प मीटर न लावता कुणी गॅस भरत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. गॅस मुळात बरोबर होता आणि वर आणखी घातला असेल तर प्रेशर अजून चढणार, म्हणून आता लवकर बंद पडतोय. ते दोन दिवस बरा का चालला, तेव्हा पाऊस वगैरे झाला होता का?
घूं होऊन टक् म्हणजे सुरुवातीला जोर मिळत नाहीये. हे बहुतेक वेळा कॅपॅसिटरमुळे, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर देणारा डबीसारखा भाग. त्यावर त्याची क्षमता, म्हणजे मायक्रोफॅरड लिहिलेले असतात, मीटरने मोजून बघायचे, पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरला असेल तर सरळ बदलायचा. पण घरच्यांनी कुणी हात लावू नका, लाईट बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला असतो, जोरात झटका बसतो. आणि टक् झाल्यावर रिमोटने बंद करून लगेच चालू करू नका, कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचं गॅसचं प्रेशर सारखं व्हायला तीनेक मिनिटं लागतात, त्याआधी सुरू केलं तर कॉम्प्रेसर अडकल्यासारखा होतो आणि नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो.

अकोला_५५
व्होल्टेज बघितलं का कुणी? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी १८० पर्यंत उतरतं, रात्री २२५. लक्षणं हुबेहूब हीच होती. स्टॅबिलायझर होता पण जुन्या फ्रीजचा, एसीला पुरत नव्हता, दीड टनाला ४ केव्हीएचा घेतला आणि त्रास संपला. एसी चालू असताना प्लगमध्ये मोजा, बंद असताना मोजून उपयोग नाही. प्लग काळा पडला असेल किंवा हाताला चांगलाच गरम लागत असेल तर तोही बदलून घ्या.

पूनम_जळगाव
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल काम झालं म्हणून लिहितेय. ओळखीतून तिसरा माणूस बोलावला, वयस्कर आहेत, आल्या आल्या मीटर काढलं. कॅपॅसिटरवर ४५ लिहिलंय, मोजला तर ३१ भरला. नवा टाकला. मागची कॉइल आधी मऊ ब्रशने झाडली मग पाण्याने आतून बाहेर धुतली, रुई आणि मातीचे अक्षरशः गोळे निघाले. व्होल्टेज एसी चालू असताना २०८ होतं, चालेल म्हणाले. आज दुपारी एक ते चार सलग चालला, एकदाही टक् नाही, खोली २६ पर्यंत आली. सासूबाई दोन तास शांत झोपल्या, मला तेवढ्यानेच भरून आलं.
दादा, तुमचं बरोबर निघालं, गॅस भरला त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता, पुढचे दोन दिवस ढगाळ होते.
एक राहिलं. हे काका म्हणतात करंट अजून नेमप्लेटवर (एसीवरच्या माहितीच्या पट्टीवर) लिहिलाय त्यापेक्षा थोडा जास्त आहे, गॅस जास्तच आहे, रविवारी सगळा काढून वजनावर मोजून भरू. करून घ्यावं की चालतंय तोवर चालू द्यावं?

नाशिक_रेफ्रिजरेशन
करून घ्या. नेमप्लेटवर गॅस किती ग्रॅम ते छापलेलं असतं, काट्यावर ठेवून तेवढाच भरायला सांगा आणि व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा ओढून काढल्याशिवाय भरू देऊ नका. सिलेंडरवर कुठला गॅस लिहिलाय तोही नेमप्लेटशी जुळवून बघा. आणि जिनिंग चालू असेल तोवर महिन्यातून एकदा मुलाला जाळी झाडायला लावा, मेन स्विच बंद करून.